अ‍ॅनालॉग टीव्ही बंद होतोय: प्रेक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

टीव्हीचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद होऊन फक्त डिजिटल राहणार, ही बातमी आली की धांदल उडते. कुणी घाईने नवा टीव्ही घेऊन येतं, कुणी 'बघू पुढे' म्हणून शेवटच्या रात्रीपर्यंत काहीच करत नाही. दोघांचंही नुकसान होतं. नवा टीव्ही घेणाऱ्याला तो बहुतेक वेळा लागणारच नसतो. थांबणाऱ्याला वाटतं की चित्र जरा खराब येईल, तेवढंच. प्रत्यक्षात चित्र खराब येत नाही, ते येतच नाही. इथले प्रश्न लोक साधारण ज्या क्रमाने विचारतात, त्याच क्रमाने घेतले आहेत.

नेमकं बदलतंय काय?

कार्यक्रम तेच राहतात, ते घरापर्यंत पोचायची पद्धत बदलते. अ‍ॅनालॉगमध्ये चित्राचा उजेड-अंधार, रंग आणि आवाज लहरींच्या चढ-उतारातून येतात. लहर जशी येईल तसं चित्र उमटतं. डिजिटलमध्ये तेच चित्र आकड्यांत बदलून पाठवतात आणि टीव्ही किंवा त्याला जोडलेला सेट-टॉप बॉक्स त्या आकड्यांवरून ते पुन्हा उभं करतो.

आकडे दाबून लहान करता येतात. निवेदक बातम्या वाचतोय आणि मागची भिंत तीच आहे, तर भिंत दर वेळी नव्याने पाठवायची गरज नाही, हलणारे ओठ पाठवले की पुरे. म्हणून जिथे एक अ‍ॅनालॉग चॅनल मावायचा तिथे साध्या दर्जाचे चार-पाच किंवा जास्तही चॅनल बसतात, नाहीतर एक चांगला एचडी. अमेरिकेत एका चॅनलची जागा 6 मेगाहर्ट्‌झ रुंद असते. त्यात पूर्वी एकच चित्र जायचं, आता सेकंदाला सुमारे 19 मेगाबिट इतकी माहिती जाते.

आमचं छान चाललं होतं. हा उद्योग कशासाठी?

खरं कारण जागा हेच आहे. हवेतून लहरी पाठवायला लागणारे पट्टे मर्यादित असतात, आणि टीव्हीने त्यातला फार मोठा आणि फार चांगला भाग अडवून ठेवला होता. या लहरी लांब जातात, भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात, त्यामुळे मोबाइल कंपन्यांचा त्यांच्यावर डोळा होता. अमेरिकेने 2008 मध्ये टीव्हीकडून मोकळ्या होणाऱ्या 700 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा लिलाव केला आणि सरकारला 19 अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली. त्याच पट्ट्याचा एक तुकडा पोलीस, अग्निशमन दल वगैरेंच्या संपर्कासाठी राखून ठेवला होता. युरोपात 790 ते 862 मेगाहर्ट्‌झचा भाग असाच टीव्हीकडून मोबाइलकडे गेला.

स्वच्छ चित्र, जास्त चॅनल, कार्यक्रमांची यादी हे फायदे खोटे नाहीत. पण प्रेक्षकांनी मागणी केली म्हणून हा बदल झाला, असं कुठल्याच देशात घडलेलं नाही. हे आधीच मान्य केलं की 'आमच्यावर हे का लादलं?' या वैतागाचं उत्तर देणं सोपं जातं.

माझ्या घरी याचा परिणाम होणार की नाही, हे कसं ओळखायचं?

टीव्हीच्या मागे जा आणि वायर कुठे जाते ते बघा. बाकी कुणाला काही विचारण्याआधी एवढं करा, कारण पुढची सगळी उत्तरं यावरच अवलंबून आहेत.

वायर छतावरच्या, खिडकीतल्या किंवा टीव्हीवर ठेवलेल्या अँटेनाला जात असेल, तर परिणाम तुमच्यावर होणार. डिशला जात असेल आणि मध्ये बॉक्स असेल, तर तुम्ही बहुधा आधीच डिजिटल आहात, काही करायचं नाही. केबलवाल्याकडून येत असेल तर त्यालाच विचारा. मध्ये बॉक्स असेल तर सहसा प्रश्न नसतो. वायर थेट टीव्हीत घुसत असेल तर केबल कधी डिजिटल होणार, हा वेगळा प्रश्न आहे.

वेगळा अशासाठी की 'टीव्ही डिजिटल होणार' या एकाच वाक्याचे देशागणिक अर्थ बदलतात. अमेरिका, ब्रिटन, जपानमध्ये त्याचा अर्थ अँटेनावर येणारं प्रक्षेपण बदलणार असा होता. भारतात मोठी सक्ती झाली ती केबलची. 2011 च्या कायदादुरुस्तीनंतर चार टप्पे ठरले. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई पहिल्या टप्प्यात होती आणि त्यांची मुदत ऑक्टोबर 2012 अखेरची होती. शेवटच्या टप्प्याची मुदत 31 मार्च 2017 ला संपली. परदेशातल्या नातेवाइकाने फोनवरून दिलेला सल्ला त्याच्या घरी बरोबर आणि तुमच्या घरी पूर्ण चूक असू शकतो, तो यामुळेच.

घरात दोन टीव्ही असतील तर दोन्हींच्या मागे बघा. हॉलमधला डिशवर आणि स्वयंपाकघरातला छोटा अँटेनावर, असं बरेचदा असतं. बंद पडल्यावर त्या छोट्याचीच आठवण येते.

नवा टीव्ही घ्यावाच लागेल का?

नाही. जुन्या टीव्हीचा पडदा आणि स्पीकर चांगले असतील तर त्याला फक्त एक दुभाषी लागतो, तो म्हणजे सेट-टॉप बॉक्स. अँटेनाची वायर बॉक्सला लावायची आणि बॉक्सची टीव्हीला.

टीव्हीला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना लावायची भोकं असतील तर काम सोपं आहे. पिवळ्यातून चित्र जातं, पांढऱ्या-लालमधून आवाज. रंगाला रंग लावा आणि टीव्ही 'एव्ही'वर, म्हणजे बाहेरून जोडलेल्या यंत्राचं चित्र दाखवणाऱ्या पर्यायावर न्या. टीव्हीला दोनच भोकं असतील, एक पिवळं आणि एक पांढरं, तर लाल पिन मोकळी सोडली तरी चालते, फक्त डाव्या बाजूचा आवाज मिळतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'मोनो' (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) असेल तर ते लावा.

टीव्ही इतका जुना आहे की त्याला अँटेनाच्या भोकाशिवाय काहीच नाही? मग अँटेनाच्या वायरनेच टीव्हीला जोडता येणारा बॉक्स शोधावा लागतो. तसा मिळाला की टीव्हीचा एक चॅनल कायमचा बॉक्ससाठी ठेवायचा. टीव्ही त्या नंबरवर असला तरच काही दिसतं, आणि घरातल्या कुणी चुकून टीव्हीचा चॅनल बदलला की 'बॉक्स बिघडला' अशी ओरड सुरू होते.

माझा टीव्ही सपाट, भिंतीवरचा आहे. म्हणजे तो डिजिटलच ना?

पडद्याच्या आकारावरून काहीच कळत नाही. प्रश्न आत कोणता ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडून चॅनल निवडणारा भाग, आहे याचा आहे. सुरुवातीच्या बऱ्याच सपाट टीव्हींत फक्त अ‍ॅनालॉग ट्यूनर होता. त्यांवर 'एचडी रेडी' असं चिकटवलेलं असायचं, त्याचा अर्थ इतकाच की एचडी चित्र बाहेरून दिलं तर पडदा ते दाखवेल. मेनूमध्ये चॅनल शोधायला गेल्यावर 'डिजिटल' किंवा 'डीटीव्ही' हा पर्याय दिसतो का ते बघा.

दुसरी अडचण त्याहून फसवी आहे. डिजिटल म्हटलं की सगळं डिजिटल सारखं, असं नाही. युरोपात डीव्हीबी-टी आणि त्याची पुढची आवृत्ती डीव्हीबी-टी2 चालते, अमेरिकेत एटीएससी, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी आणि तिचाच भाऊ, चीनमध्ये डीटीएमबी. एका पद्धतीचा बॉक्स दुसरीकडे निव्वळ पेपरवेट आहे. कुणी प्रवासातून कौतुकाने आणलेला बॉक्स लावण्यात संध्याकाळ घालवू नका. टी2चा बॉक्स सहसा जुनी टी पद्धतही समजतो, उलटं मात्र कधीच होत नाही, म्हणून स्वस्तात मिळालेला जुना बॉक्स घेताना खोक्यावरचा तो '2' जरूर बघा.

'डिजिटल अँटेना' घ्यावी का?

अशी वेगळी वस्तू नसते. अँटेना म्हणजे ठराविक लांबीचा धातू. तिला लहर कळते, लहरीत चित्र आहे की आकडे आहेत ते तिला कळत नाही. खोक्यावर 'डिजिटल' छापलं की किंमत वाढते, एवढाच फरक.

फरक पडतो तो पट्ट्याने. खालच्या व्हीएचएफ पट्ट्यासाठी अँटेनाचे दांडे लांब लागतात, वरच्या यूएचएफसाठी आखूड. 600 मेगाहर्ट्‌झला दांडा साधारण 25 सेंटिमीटरचा पुरतो, 200 ला 75 सेंटिमीटर लागतो. डिजिटल चॅनल बऱ्याच ठिकाणी यूएचएफवर आले, म्हणून बाजारात छोट्या यूएचएफ अँटेनांची लाट आली. अमेरिकेत त्यातूनच एक गंमत झाली. बदलाआधीच्या काळात अनेक केंद्रं आपलं डिजिटल प्रक्षेपण यूएचएफवरून करत होती. अ‍ॅनालॉग बंद झाल्यावर त्यांतली काही आपल्या जुन्या व्हीएचएफ जागेवर परत गेली. शिकागो आणि फिलाडेल्फियात ज्यांनी शहाणपणाने आधीच तयारी केली होती, छोटी अँटेना घेऊन सगळं नीट लावलं होतं, त्यांचाच नेहमीचा चॅनल बदलाच्या दिवशी गेला.

तेव्हा आधी जुनी अँटेना लावून बघा. ती चालली तर प्रश्न मिटला. नाही चालली तर तुमच्या भागातले चॅनल कोणत्या पट्ट्यावर आहेत ते विचारून मगच नवी घ्या. आणि अँटेनाला दोष देण्याआधी वायर तपासा. वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिलेली वायर बाहेरून धडधाकट दिसते, पण जोडाच्या ठिकाणी आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं असतं.

बूस्टर लावला तर?

लांब वायरीत सिग्नल वाया जात असेल, किंवा एकाच अँटेनावर दोन-तीन टीव्ही असतील, तर बूस्टर उपयोगी पडतो, आणि तो अँटेनाजवळ बसवायचा असतो, टीव्हीजवळ नाही. पण अँटेनाला जे मिळालंच नाही ते बूस्टर कुठून वाढवणार? तो सिग्नलबरोबर कचराही तितकाच मोठा करतो. मनोऱ्याच्या जवळ राहणाऱ्यांकडे तर बूस्टरमुळे ट्यूनर गुदमरतो आणि चॅनल येण्याऐवजी जातात. तिथे बूस्टर काढून टाकणं हीच दुरुस्ती.

आधी मुंग्या यायच्या पण दिसायचं तरी. आता काहीच दिसत नाही. हे कसलं सुधारणं?

सगळ्यात जास्त चिडून विचारला जाणारा हा प्रश्न आहे, आणि चिडण्यासारखं आहेच.

अ‍ॅनालॉग चित्र हळूहळू बिघडतं. सिग्नल थोडा कमी झाला की थोड्या मुंग्या, आणखी कमी झाला की पडदाभर मुंग्या, तरी त्यातून चेंडू कुठे गेला ते कळायचं. डोळे आणि मेंदू उरलेलं भरून काढायचे. डिजिटलमध्ये ते काम बॉक्स करतो. पाठवताना आकड्यांबरोबर काही जादा आकडे दिलेले असतात, वाटेत चुका झाल्या तर त्यांच्यावरून मूळ आकडे परत मिळवता येतात. चुका एका मर्यादेच्या आत आहेत तोवर सगळ्या दुरुस्त होतात, म्हणून जेमतेम सिग्नलवरही चित्र लखलखीत दिसतं. मर्यादा ओलांडली की हिशेब जुळतच नाही. आधी चौकोन चौकोन होतात, चित्र गोठतं, आवाज तुटतो, आणि मग पडदा काळा. मधली पायरी जवळपास नाहीच. सपाट माळावरून चालताना अचानक कडा यावा तसं.

याचा अर्थ असा की ज्यांच्याकडे आज मुंग्यांचं चित्र येतं, त्यांनी तारखेची वाट बघत बसू नये. डिजिटल प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी अ‍ॅनालॉग बंद व्हायच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. बॉक्स लावून आजच बघा. चित्रामागे सावली दिसत असेल, म्हणजे प्रत्येक माणसाच्या कडेला त्याचाच फिका जुळा उभा असेल, तर सिग्नल इमारतींवर किंवा डोंगरावर आपटून दोन वाटांनी येतोय, आणि तिथे अँटेनाची दिशा जास्त काळजीने लावावी लागते.

आता दिशा लावण्याबद्दल. एक जण छतावर, एक जण जिन्यात, एक टीव्हीसमोर. 'आलं का?' 'गेलं!' 'आता?' 'होतं तिथे ने!' ही पद्धत अ‍ॅनालॉगसाठी उत्तम होती, कारण अँटेना हलताच चित्र हलायचं. डिजिटल बॉक्सला सिग्नल पकडून चित्र उभं करायला काही सेकंद लागतात. तुम्ही फिरवत राहिलात तर बरोबर दिशेवरून चार वेळा पुढे जाल आणि खालून दर वेळी 'नाही' असंच ऐकू येईल. थोडं फिरवा, हात काढा, पाच अंक मोजा, मग विचारा. घरातली अँटेना असेल तर वीतभर सरकवूनही फरक पडतो. खिडकीजवळ आणि उंचावर ठेवा, पत्रा आणि जाळीपासून लांब.

आणि टीव्हीच्या डोक्यावर थाप मारू नका. तिचे दिवस गेले.

बॉक्स सिग्नल नव्वद टक्के दाखवतो, तरी चित्र फुटतं. असं का?

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. लोक पहिलीच बघतात. ताकद म्हणजे किती मोठ्याने बोललं जातंय, गुणवत्ता म्हणजे बोललेलं किती कळतंय. बाजारातल्या गोंगाटात आवाज भरपूर असतो, शब्द एकही लागत नाही. अँटेना फिरवताना दुसरी पट्टी बघत फिरवा.

ताकद चांगली आणि गुणवत्ता मधूनच कोसळते, तेही ठराविक वेळी, असं असेल तर घरातच शोधा. मिक्सर, ड्रिल, खराब चोक, जवळून जाणारी मोटरसायकल यांच्या ठिणग्यांनी पूर्वी पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, आता चित्र क्षणभर फुटतं. जवळ नवा मोबाइल मनोरा उभा राहिला असेल तर तोही कारण असू शकतो, कारण त्याच्या लहरी टीव्हीच्या पूर्वीच्या जागेवर, म्हणजे आताच्या जागेच्या अगदी शेजारी असू शकतात. त्यासाठी वायरमध्ये बसवायचा छोटा फिल्टर मिळतो.

काल सगळे चॅनल होते, आज निम्मे गायब. बॉक्स गेला का?

शंभरातल्या नव्वद वेळा बॉक्स ठीक असतो. चॅनल दुसऱ्या जागेवर गेलेला असतो आणि बॉक्स जुन्या जागी शोधत बसलेला असतो. अ‍ॅनालॉग बंद होण्याच्या आसपास केंद्रं आपल्या जागा बदलतात, कधी कधी एकापेक्षा जास्त वेळा. मेनूमध्ये जाऊन चॅनल परत शोधायला लावा, त्याला ऑटो स्कॅन किंवा ऑटो ट्यून म्हणतात.

तरीही नाही आले तर जुनी यादी आधी पुसून मग शोधा. काही बॉक्स जुन्या यादीला चिकटून राहतात. वायर काढा, स्कॅन करा (काहीच सापडणार नाही आणि यादी कोरी होईल), बॉक्स प्लगमधून काढून मिनिटभर थांबा, मग वायर लावून पुन्हा स्कॅन करा. वेडेपणा वाटतो, पण लागू पडतो.

चॅनलचा नंबर तोच आहे, मग जागा बदलली कशी म्हणता?

डिजिटलमध्ये पडद्यावर दिसणारा नंबर ही नुसती पाटी असते. दुकान दुसऱ्या गल्लीत गेलं तरी पाटी तीच लावता येते. बॉक्सला खरा पत्ता स्कॅन करताना कळतो.

माणसं बुटकी आणि जाडी का दिसतात?

जुना पडदा 4:3 आकाराचा, नवं चित्र 16:9. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं की सगळे जाडे, रुंद चित्र चौकोनी पडद्यात कोंबलं की सगळे काडीपैलवान. बॉक्सच्या सेटिंगमध्ये तुमच्या टीव्हीचा आकार सांगा. मग वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या दोष नाहीत, त्या असू द्या. टीव्ही आणि बॉक्स दोघांनीही स्वतंत्रपणे आकार बदलायचं ठरवलं तर चारही बाजूंनी काळी चौकट येते. तेव्हा दोघांपैकी एकाचं सेटिंग बंद करा.

एका बॉक्सवर दोन टीव्ही चालतील का?

चालतील, पण दोन्हींवर एकच चॅनल दिसेल. वेगवेगळे बघायचे तर दोन बॉक्स घ्यावे लागतात. अँटेनाची वायर दोन बॉक्सना वाटली की प्रत्येकाला निम्म्याहून कमीच सिग्नल मिळतो, हे धरून चाला.

माझा व्हीसीआर आता फेकायचा का?

जुन्या टेप बघायला तो पूर्वीसारखाच चालेल. रेकॉर्डिंगचं मात्र अवघड आहे. त्याच्या आतला ट्यूनर अ‍ॅनालॉग, त्यामुळे बॉक्सवर त्या वेळी जे चालू असेल तेच टेप होईल. एक बघायचं आणि दुसरं टेप करायचं ही सोय एका बॉक्सने संपते. टायमर लावायचा तर व्हीसीआरवर लावून भागत नाही, बॉक्सही त्या वेळी चालू आणि त्याच चॅनलवर असावा लागतो. चॅनल बदलण्याचा टायमर असलेले बॉक्स मिळतात, घेतानाच विचारा. यूएसबी लावून रेकॉर्ड करणारा बॉक्स मिळत असेल तर तो घ्यावा, असं माझं मत.

सबटायटल, दुसरी भाषा, टेलिटेक्स्ट यांचं काय होतं?

सबटायटल आणि भाषा आता बॉक्स देतो, टीव्ही नाही. म्हणून टीव्हीच्या रिमोटवरचं जुनं बटण काम करत नाही, बॉक्सच्या रिमोटवर शोधावं लागतं. एखादा कार्यक्रम अचानक अनोळखी भाषेत बोलू लागला किंवा निवेदक दृश्याचं वर्णन करू लागला, तर कुणीतरी चुकून ऑडिओचं बटण दाबलंय. ते वर्णन दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी असतं. टेलिटेक्स्ट, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर वाचता येणारी बातम्या वगैरेंची अक्षरी पानं, बहुतेक ठिकाणी अ‍ॅनालॉगबरोबर गेलं. ब्रिटनची सीफॅक्स ही टेलिटेक्स्ट सेवा 23 ऑक्टोबर 2012 ला थांबली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी देशातलं शेवटचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण उत्तर आयर्लंडमध्ये बंद झालं.

आई-वडिलांना बॉक्स लावून दिला, पण दर दोन दिवसांनी फोन येतो. काय करू?

या बदलात पैशाचा त्रास एकदाच होतो, रिमोटचा रोज. पन्नास वर्षं टीव्ही म्हणजे एक बटण होतं. आता दोन यंत्रं, दोन रिमोट, आणि टीव्ही 'एव्ही'वर नसला तर दोन्ही चालू असूनही पडदा निळा. फोनवर 'सोर्स बदला' असं सांगून काही उपयोग नाही, सोर्स म्हणजे काय हे ज्याला कळतं तो फोन करतच नाही.

मी केलेल्यापैकी जे टिकलं ते असं. टीव्हीचा रिमोट शक्यतो नजरेआडच ठेवायचा. बॉक्सच्या रिमोटला टीव्ही चालू-बंद करणं आणि आवाज शिकवता येतो का बघायचं, बऱ्याच बॉक्सना येतो. टीव्हीचा आवाज एकदाच मध्यावर ठेवून पुढे फक्त बॉक्सचा वापरायचा, नाहीतर दोन आवाजांचा गोंधळ होतो आणि 'ऐकू येत नाही'चे फोन येतात. नको असलेल्या बटणांवर चिकटपट्टी लावायची. चॅनलच्या यादीत त्यांचे पाच-सहा आवडते सुरुवातीला आणायचे.

मग कागद. छापील पुस्तिका नव्हे, हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद. 'पडदा निळा झाला तर: हे बटण, मग हे.' तीनच अडचणी, तीनच उपाय. तो तुम्ही लिहू नका. तुम्ही सांगा आणि त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. माझ्या आईच्या कागदावर 'सिग्नल नाही' या सूचनेला 'रुसलाय' असं लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे 'बंद करून दहा आकडे मोज'. त्यानंतर त्या कारणासाठी फोन आला नाही.

निघण्याआधी तुम्ही हात न लावता त्यांच्याकडून सगळं तीनदा करून घ्या. मध्ये पडू नका. हे फार कठीण जातं.

ब्रिटनमध्ये 75 वर्षांवरच्या आणि अपंग प्रेक्षकांसाठी खास मदत योजना होती. तिच्यात माणूस घरी येऊन बॉक्स लावायचा आणि कसा वापरायचा ते दाखवायचा. तुमच्याकडे तशी योजना आहे का, हे नक्की विचारा. असली तरी ज्यांच्यासाठी असते त्यांना तिची खबर सहसा शेवटी लागते.

अशा तारखा नेहमी पुढे जातात. थांबलं तर काय बिघडलं?

जातात खऱ्या. अमेरिकेत 17 फेब्रुवारी 2009 ठरली होती. बॉक्सवर सूट म्हणून सरकार घराला 40 डॉलरची दोन कुपनं देत होतं, जानेवारीत त्याचे पैसे संपले, लाखोंची प्रतीक्षायादी झाली आणि तारीख 12 जून झाली. पण तारीख पुढे गेली तरी शेकडो केंद्रांनी फेब्रुवारीतच अ‍ॅनालॉग बंद केलं, तशी त्यांना मुभा होती. उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये तर चाचणी म्हणून 8 सप्टेंबर 2008 लाच बंद झालं होतं. हवाईने 15 जानेवारी 2009 ला केलं, कारण हालेआकाला डोंगरावरचे जुने मनोरे पाडायचे होते आणि तिथल्या दुर्मीळ पेट्रेल पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत ते काम उरकणं भाग होतं.

जपानने 24 जुलै 2011 ची तारीख पाळली, फक्त भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना 31 मार्च 2012 पर्यंत वेळ दिला. म्हणजे तारीख सरकारची असली तरी तुमच्या पडद्याला लागू होते ती तुमच्या केंद्राची तारीख. तिची चौकशी करा. आणि शेवटच्या आठवड्यात बॉक्स मिळत नाहीत, अँटेना लावणारा तर त्याहून नाही.

वीज गेल्यावर सेलवरचा छोटा टीव्ही उपयोगी पडायचा. तो?

तो गेला. त्यात बॉक्स जोडायला बहुधा जागा नसते, आणि जोडला तरी बॉक्सला वीज कुठून आणणार? वादळ-पुराच्या भागात राहत असाल तर सेलवरचा रेडिओ घरात ठेवा.

जुना टीव्ही काढूनच टाकायचा ठरवलाय. काय काळजी घ्यायची?

काचेच्या पिक्चर ट्यूबचा असेल तर तो उघडू नका, मुलांनाही खेळायला देऊ नका. रंगीत ट्यूबला वीसेक हजार व्होल्टच्या पुढचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहू शकतो. ट्यूब निर्वात असते, फुटली तर काचा आत ओढल्या जाऊन मग चौफेर उडतात. शिवाय त्या काचेत शिसं असतं, म्हणून तो साध्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. पण चालू स्थितीतला टीव्ही केवळ प्रक्षेपण बदलतंय म्हणून टाकून देणं मला पटत नाही.

सामन्यात आमच्याकडे चेंडू टाकला जातोय तोवर शेजारी जल्लोष ऐकू येतो. हे काय गौडबंगाल?

बॉक्स बिघडलेला नाही. चित्र दाबून लहान करायला, पाठवायला आणि इकडे पुन्हा उभं करायला वेळ लागतो, एखाद्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंत. डिशवाल्याचं चित्र उपग्रहापर्यंत जाऊन येतं, त्यात आणखी पाव सेकंद. इंटरनेटवरून बघणारा सहसा सगळ्यांच्या मागे असतो. अ‍ॅनालॉगमध्ये हा उशीर जवळपास नव्हताच, म्हणून गल्लीतली सगळी घरं एकाच क्षणी ओरडायची. टीव्हीवरच्या घड्याळावरून घरचं घड्याळ लावायची सवय असेल तर तीही सोडा. शेजाऱ्याच्या आरोळीवर इलाज नाही, सामन्याच्या दिवशी खिडकी लावून घ्या.